येते त्यानं उजवा

ओमेश्वरी शरणागत डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा तिला कोणी विचारलं असतं की शिक्षिका व्हायचंय का, तर ती हो म्हणाली असती. पण का, असं विचारलं असतं तर गप्प बसली असती. तिचा थोरला भाऊ लोकेंद्र डी.एड. झाला होता, घरात पुस्तकं होती, म्हणून तिनंही अर्ज भरला. पोवारांच्या घरात मुलीनं मास्तरीण होण्याला कोणाची हरकत नव्हती. वडिलांनी धान विकून विनाअनुदानित अध्यापक विद्यालयात तिचा प्रवेश केला आणि मग जिल्ह्यात काय चाललंय ते हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. तालुक्यागणिक डी.एड. कॉलेजं निघाली होती आणि शिक्षकांची भरती २०१० नंतर निघालीच नव्हती. लोकेंद्र पहिल्या वर्गात पास होऊन सडक अर्जुनीला हायवेवरच्या टायरच्या दुकानात लागला होता. घरी आला की म्हणायचा, "मी बी मूल्यमापनच करून राहिलो ना! ट्रकाच्या चाकाचं. सातत्यपूर्ण आन सर्वंकष."

पहिल्यांदा ती हसली होती. नंतर तो बोलायचा आणि ती भाकरी वाढायची.

२०१२ च्या जानेवारीत तिला आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, शाळा मिळाली ती चोरखमारा तलावाच्या वरच्या अंगाला, जंगलाला चिकटून असलेल्या एका गावातली. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, दोन शिक्षकी. तलावाच्या खालच्या गावात तिची मावशी सुशिलाबाई राहायची. तिच्या घरून ओमेश्वरी नहराच्या पाळीवरून सायकलनं जायची. नहराच्या एका बाजूला उन्हाळी धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, दुसऱ्या बाजूला झुडपी जंगल. ती इकडेही पाहत नव्हती, तिकडेही नाही. सायकल नेटकी चालवायची, वेळेत पोचायची, टाचण काढायची, तक्ते लावायची. तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

तिसरी आणि चौथीचा जोडवर्ग मुख्याध्यापक मुन्नालाल पटले गुरुजींकडे होता. निवृत्तीला आलेले, पान खाणारे, मुलांवर हात न उचलणारे गृहस्थ. तिच्या हाती वर्ग देताना त्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट समजावली.

"हात सगळ्यांनीच वर कराचा," ते म्हणाले. "येते त्यानं उजवा, नाई येत त्यानं डावा. साहेब मागं बसून पाहते तं हाताचं जंगल दिसते त्याले. आपण उजव्यातलाच एक पाहाचा आन उठवाचा."

"हे तपासणीपुरतं ना गुरुजी?"

"नाई नाई. रोज. सवय मोडली तं ऐन दिवशी घोटाळा होते. एकदा एका पोट्ट्यानं दोनी हात वर केले."

"मंग?"

"मंग काय! साहेबाले म्हणलं, लय येते याले."

ही युक्ती त्यांच्या पहिल्या मुख्याध्यापकांनी त्यांना शिकवली होती आणि त्या मुख्याध्यापकांना कोणी शिकवली हे कोणालाच माहीत नव्हतं. मुलांना ती खेळासारखी वाटायची. प्रश्न संपायच्या आत सगळे हात वर जायचे. कोणी मान खाली घालून बसायचं नाही, कोणी रडायचं नाही.

ओमेश्वरीला सुरुवातीला ते लबाडीचं वाटलं. आठवडाभरात मत बदललं. मूल्यमापनाच्या पुस्तकात लिहिलं होतं की शिकवता शिकवताच कोणाला किती समजलं ते शिक्षकाला कळत राहिलं पाहिजे, आणि न येणाऱ्याचा पाणउतारा होता कामा नये. इथं एका नजरेत दोन्ही साधत होतं. लेखी चाचणीवरून तर काहीच कळायचं नाही, कारण घटक चाचणीला पटले गुरुजी उत्तरं फळ्यावर लिहून देत. कोणाला नापास करायचंच नाही, मग पोरांना घाम कशाला फोडायचा, असा त्यांचा साधा विचार होता. म्हणजे वर्गात खरं काही सांगणारी गोष्ट एकच उरत होती, ती म्हणजे हात. ती रोज उजवे हात मनात टिपायची आणि तोंडी कामाच्या श्रेणी त्यावरून द्यायची. अध्यापक विद्यालयाला द्यायच्या प्रकल्पात तिनं त्याला 'हस्तसंकेत तंत्र' असं नाव दिलं आणि दोन पानं लिहिली. समावेशक शिक्षणाच्या विषयासाठीही वर्गाची माहिती मागितली होती. विशेष गरजा असलेले विद्यार्थी किती, या प्रश्नापुढे तिनं लिहिलं, निरंक. शाळेत एकाही मुलाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे दुसरं काही लिहिता आलंही नसतं.

मंगली सयाम चौथीत होती. दाराजवळ बसायची. टोल्यावरची, गावाबाहेरच्या वस्तीतली, गोंडांची. घरी गोंडी बोलायची, शाळेत बहुतेक काहीच बोलायची नाही. तिच्या अंगात थोरल्या कोणाचा तरी निळा स्वेटर असायचा, बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या. ती डाव्या हातानं लिहायची. अक्षर बरं होतं. ओमेश्वरीनं तिला डावखुरी समजून सोडून दिलं होतं. प्रश्न विचारला की मंगलीचा डावा हात वर जायचा. दर प्रश्नाला, न चुकता, डावा. तोंडी काम, श्रेणी ड. वर्णनात्मक नोंदीत चांगलंही काही लिहायचं असतं, म्हणून ओमेश्वरीनं लिहिलं, 'उत्तर येत नसतानाही सहभागी होण्याचा प्रयत्न करते.'

तिचा भाऊ फागू त्याच वर्गात तिसरीच्या रांगेत होता. त्याचा हात नेहमी उजवा असायचा. उठवलं तर उत्तर अर्ध्या वेळा चुकायचं, पण आवाज खणखणीत. श्रेणी ब.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांची आई रुख्मा शाळेच्या फाटकाशी आली. डोक्यावरची लाकडाची मोळी तिनं भिंतीला टेकवली, पदरानं तोंड पुसलं आणि ओमेश्वरीला बाहेरूनच हाक मारली.

"बाई, मंगलीले येते का काई?"

"काऊन विचारून राहिल्या?"

"चौथी झाली का पाचवी इथं नाई. आश्रमशाळेत टाकतो म्हणतो एकाले. दोघायले नाई जमत, घरी बकऱ्या पाहाले एक पायजे. तिचा बाप जंगल खात्याच्या कामावर राहते, तो काई पाहत नाई. मंगली का फागू, तुमी सांगा. तुमाले कळते."

पाचवीची जवळची शाळा तलावाच्या पलीकडे, जंगलातल्या वाटेनं होती. तिथं पायी रोज कोणी मुलगी पाठवत नव्हतं. मंगलीला पुढं शिकायचं तर आश्रमशाळाच होती. हे ओमेश्वरीला माहीत होतं. तिनं फार विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं काही तिला दिसलं नाही.

"फागूले येते," ती म्हणाली. "मंगली हात वर करते, पण तिले येत नाई."

"काईच नाई?"

"रोज पाहतो ना मी."

"बरं," रुख्मा म्हणाली. तिनं मोळी उचलून डोक्यावर घेतली आणि गेली. ओमेश्वरी वर्गात परतली तेव्हा मुलांचा पाढा अजून संपलाही नव्हता.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिचा वार्षिक पाठ होता. बाह्य परीक्षक म्हणून भंडाऱ्याहून एक निवृत्त प्राचार्य आले. पांढरा सदरा, चष्म्याला दोरी, बोलणं पुस्तकातलं. पाठ होता जिल्ह्याचा नकाशा. तिनं रंगीत तक्ता केला होता. नागऱ्याचं मंदिर, चोरखमाऱ्याचा तलाव, सडक अर्जुनीवरून रायपूरकडे जाणारा रस्ता, सगळं जागच्या जागी. प्रश्न विचारला की हात वर. तिनं उजव्यातले निवडले. उत्तरं बरोबर आली. दाराजवळ निळ्या बाहीतला डावा हात दर वेळी वर होता, आणि एकदा तर मंगली गुडघ्यांवर उठून हात हलवत होती. ओमेश्वरीची नजर तिच्यावरून सवयीनं पुढं गेली.

पाठ संपला. मुलं खिचडीला गेली. परीक्षकांनी चष्मा काढून छातीवर सोडला.

"पाठ नेटका झाला. पण एक सांगा. त्या दाराजवळच्या मुलीनं प्रत्येक प्रश्नाला हात वर केला. तिला तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. असं का?"

ओमेश्वरीला खरं कारण सांगता येत नव्हतं. पटले गुरुजी पान गालात सरकवून पुढं झाले.

"सर, ती पोरगी थोडी अपंग आहे. लहानपणी उजवा हात मोडला, वैदूनं कामट्या बांधल्या, तो तसाच वाकडा जुळला. वर जातच नाई तो हात. त्याच्यानं लाजते बोलाले. बाई तिच्यावर दडपण आणत नाई. हात वर केला तेवढं बस झालं, असं बाईचं म्हणणं आहे."

परीक्षकांनी ओमेश्वरीकडे नव्यानं पाहिलं.

"अस्सं. हे तुम्ही टाचणात लिहायला हवं होतं. समावेशन म्हणजे दुसरं काय असतं? उत्तरापेक्षा सहभाग महत्त्वाचा. छान." आणि त्यांनी समावेशनाच्या रकान्यात गुण भरले.

ओमेश्वरी तक्ता गुंडाळत होती. तिनं तो शेवटपर्यंत गुंडाळला, रबर लावला आणि कोपऱ्यात उभा केला. परीक्षक हात धुवायला गेले तसे गुरुजी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वाचवलं ना तुमाले?"

"गुरुजी, तिचा हात वर जात नाई?"

"कोणाचा?"

"मंगलीचा. उजवा."

"नाई जात. सांगितलं नाई का आता."

"मंग ती उजवा कसा वर करन?"

गुरुजींचं पान चघळणं थांबलं. ते दाराकडे पाहत राहिले, तिथं आता नुसती सतरंजी होती.

"अरे," ते म्हणाले. "हे तं ध्यानातच नाई आलं आपल्या." मग पान पुन्हा चघळत, "चला, साहेबाचा चहा थंडा होऊन राहिला."

त्या दिवशी तिला वाईट वाटायला हवं होतं, असं तिला वाटलं. सायकल चालवताना ती त्या वाटण्याची वाट पाहत होती. काही आलं नाही. मावशीनं चांगला पाठ झाला म्हणून सेवयाची खीर केली होती, ती तिनं खाल्ली. लोकेंद्रचा फोन आला. किती पडले, त्यानं विचारलं. चांगले पडले, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तिनं मंगलीला एकटीला थांबवलं. हात वर करायचा नाही, नुसतं सांगायचं, असं म्हणून नकाशा पुढं धरला आणि विचारत गेली. मंगली बोट ठेवून सांगत गेली. तलाव. नागरा. रायपूरचा रस्ता. मग पाढे, मग उदाहरणं. सगळीच आली नाहीत, भागाकारात ती अडली. पण वर्गातल्या बऱ्याच उजव्या हातांपेक्षा तिला जास्त येत होतं.

"मंग सांगितलं काऊन नाई आतापर्यंत?"

"तुमी विचारलंच नाई."

"तुह्या हाताचं तरी सांगाचं होतं."

मंगलीनं स्वेटरच्या बाहीत बोटं ओढून घेतली. "गुरुजीले मालूम आहे," ती म्हणाली, आणि खिचडी संपेल म्हणून पळाली.

ओमेश्वरीनं गुरुजींना विचारून मंगलीची श्रेणी बदलली. ड चा ब झाला. गुरुजींनी काहीच खळखळ केली नाही. उलट म्हणाले, "अ बी करून टाका, कोण पाहते." नोंदीतलं वाक्य तिनं खोडलं. त्या जागी काय लिहावं ते तिला लवकर सुचलं नाही, शेवटी लिहिलं, 'नकाशावाचन चांगले.' वर्गात त्यानंतर ती नावं घेऊन विचारू लागली. मंगलीचं नाव घेतलं की मंगली उभी राहून सांगायची, आवाज सपाट, मान भिंतीकडे. हात वर करणं तिनं बंद केलं होतं.

पण श्रेणी ही काही रुख्मा वाचणार नव्हती. तिला सांगायला जाणं भाग होतं, आणि ते ओमेश्वरी रोज उद्यावर ढकलत राहिली. भीती वाटत होती असं नाही. पाय निघत नव्हते एवढंच. गेली तेव्हा मार्चचा मध्य उलटला होता आणि मोह पडायला लागला होता.

टोल्यावरच्या प्रत्येक अंगणात फुलं वाळत घातलेली. सगळ्या हवेला तो गोड, आंबूस वास. रुख्मा फुलं पसरत होती. तिनं खाट टाकली, पाणी दिलं. मंगली बकऱ्या घेऊन गेली होती, फागू पांदणीत मोह वेचत होता.

"मी मागं म्हणलं होतं ना मंगलीचं," ओमेश्वरी म्हणाली, "ते चुकीचं होतं. तिले येते. चांगलं येते."

रुख्माचा हात फुलांवर फिरत राहिला. "कवापासून?"

"पयलेपासूनच येत होतं. मले समजलं नाई." तिनं हातांची युक्ती समजावून सांगितली. सांगताना ती किती साधी गोष्ट आहे हे तिलाच ऐकू येत होतं.

रुख्मानं पूर्ण ऐकलं. मग हसली, पण ते हसणं ओमेश्वरीसाठी नव्हतं.

"म्हणजे पोरगी रोज हात वर करे आन तुमी समजत होत्या का तिले येत नाई?"

"हो."

"आन रोज पाहतो म्हणत होत्या."

ओमेश्वरीनं पाण्याचा घोट घेतला.

"फागूचं नाव देऊन आलो मी आश्रमशाळेत. मागच्या बाजारच्या दिशी. तुमी म्हणलं म्हणून."

"ते काढा. मंगलीचं टाका. फागूची चौथी इथंच होते. तिले इथं पुढं काईच नाई."

"तवा म्हणलं फागू. आता म्हणता मंगली. उद्या येऊन तिसरंच म्हणान." रुख्मा आता उभी राहिली होती. आवाज चढला नव्हता. "बरं, मंगलीले येते म्हणता. मंग फागूले येते का नाई? तेवढं सांगा. म्हणजे मी पाहतो."

ओमेश्वरीनं फागूला आठवायचा प्रयत्न केला. तिला त्याचा वर गेलेला उजवा हात आठवला आणि मोठा आवाज आठवला. त्यानं काय उत्तरं दिली होती, कुठली बरोबर, कुठली चूक, तो कुठं अडतो, हे तिला एकही नीट सांगता येत नव्हतं. त्याला तिनं कधी एकट्याला बसवून विचारलं नव्हतं. ब ही श्रेणी तिनंच दिली होती. कशावरून दिली हे आता ती ज्याला त्याला समजावू शकली असती, फक्त या बाईला नाही.

"मले माहीत नाई," ती म्हणाली.

"तुमाले माहीत नाई?"

"नाई."

"मंग कोणाले माहीत आहे?"

रुख्मा उत्तराची वाट पाहत नव्हती. ती परत फुलांकडे वळली होती. ओमेश्वरीनं पाण्याचा गिलास खाटेखाली ठेवला. निघते, म्हणाली. रुख्मानं मान हलवली.

महिनाअखेर आंतरवासिता संपली. ओमेश्वरी पहिल्या वर्गात पास झाली. भरती निघाली नाही. जूनमध्ये ती तिरोड्याच्या एका खासगी शाळेत बालवर्गाला लागली. जुलैत एकदा अनुभवाच्या दाखल्यावर सही हवी म्हणून तिनं पटले गुरुजींना फोन केला. ते खुशीत होते, सहीचं कबूल केलं, मावशीची चौकशी केली. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं.

"गुरुजी, सयामाच्या घरचं कोण गेलं आश्रमशाळेत?"

"मंगली गेली ना! रुख्मा दोघायलेबी घेऊन गेली होती अधीक्षकाकडं. म्हणे, तुमीच पाहून घ्या यायच्यातलं कोणाले येते, मास्तरायचं काई खरं नाई. आमचं नाक कापलं बाईनं तिथं." गुरुजी हसले. "फागू बकऱ्या पाहते आता. सकाळी चारून आणते आन मंग शाळेत येते, उशिरा."

"मंग त्यायनं परीक्षा घेतली का दोघायची? अधीक्षकानं?"

"कायची परीक्षा बाई?" गुरुजी म्हणाले. "चौथी भरून गेली होती. पाचवीत जागा होती."